‘पिशवी खराब आहे’: दवाखान्यात तयार होणारी मागणी

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या लोखंडी पेटीत, सातबारा आणि रेशनकार्डाच्या शेजारी, फडक्यात बांधून ठेवलेला एक कागद आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीला गेले असताना तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तू डाक्टर हायस ना, वाच की गं काय लिव्हलंय ह्याच्यात.” तो २००३ सालचा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. वय ३१. गर्भाशय आकाराने किंचित मोठे, आतल्या अस्तराची जाडी नेहमीइतकी, उजव्या अंडाशयात पाण्याची एक छोटी गाठ. तीन बाळंतपणे झालेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये असे शेरे सर्रास आढळतात. कर्करोगाची शंका यावी असे त्या कागदावर काहीही लिहिलेले नव्हते, आणि तसा संशय कोणाला आलाच असेल तर तो तपासून पाहण्यासाठी गर्भाशयमुखाची किंवा अस्तराची तपासणी केल्याचा एकही कागद त्या फडक्यात नव्हता.

मावशीची तक्रार अंगावरून पांढरे जाण्याची आणि कंबरदुखीची होती. तिला सांगितले गेले ते असे: “पिशवी खराब झालीय. आज ना उद्या कॅन्सर होणार. लेकरं झालीत ना? मग ठेवायची कशाला?” तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. सतरा हजार रुपये लागले. ते ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणून, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम म्हणून, घेतले आणि पुढचे दोन हंगाम ऊस तोडून फेडले. रिपोर्ट वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. तेव्हा तिनेच विचारले, “मग माझी का काढली?” त्या प्रश्नाला मी तिला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही, आणि हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण तेच आहे.

मी होमिओपॅथीची पदवी घेतली असली, तरी दवाखाना टाकला नाही. गेली अनेक वर्षे मी पुण्यात आरोग्यविम्याचे दावे तपासण्याचे काम करते. रोज सकाळी संगणकावर फायली उघडायच्या, डिस्चार्ज समरी, बिले आणि तपासण्यांचे रिपोर्ट एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि दाव्याचे पैसे द्यावेत की प्रश्न विचारावेत ते ठरवायचे, हे माझे काम आहे. त्यामुळे दवाखान्यात काय घडते ते मला प्रत्यक्ष दिसत नाही, परंतु तिथे काय घडले याची कागदावर उमटलेली खूण मात्र रोज दिसते. दोन दिवसांच्या तापासाठी चार दिवसांचा मुक्काम, विमा असलेल्या रुग्णाच्या फायलीत तपासण्यांची लांबलचक यादी, विम्याची मर्यादा तीन लाख असेल तर तीन लाखांच्या जरा अलीकडे येऊन थांबणारे बिल, या गोष्टी इतक्या वेळा समोर येतात की त्यांचे आश्चर्य वाटेनासे होते. आश्चर्य वाटेनासे होणे हीच मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. अनेक ठिकाणी काउंटरवर ‘काय होतंय?’ याच्या आधी ‘मेडिक्लेम आहे का?’ असे विचारले जाते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल.

अर्थशास्त्रात या प्रकाराला एक नाव आहे. आपण त्याला वैद्यप्रेरित मागणी म्हणू. बाजारात वांगी घेताना किती घ्यायची, कोणती घ्यायची आणि भाव परवडत नसेल तर पुढे जायचे की नाही, हे ग्राहक ठरवतो. विकणारा कितीही गोड बोलला, तरी घरात खाणारी तोंडे किती हे त्याला ठाऊक नसते. वैद्यकात मात्र घ्यायचे काय आणि किती हे विकणाराच सांगतो. आपल्याला कोणती तपासणी ‘हवी’ आहे हे आपल्याला कळते तेच मुळी डॉक्टरांच्या तोंडून. केनेथ अॅरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या निबंधात हा फरक नेमका दाखवून दिला: रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात ज्ञानाची दरी आहे, आजाराबाबत अनिश्चितता आहे, आणि म्हणून हा व्यवहार विश्वासावरच चालावा लागतो. पुढे १९७४ मध्ये कॅनडाच्या रॉबर्ट इव्हान्स यांनी असे मांडले की, जो डॉक्टर रुग्णाचा सल्लागार असतो तोच सेवेचा विक्रेताही असेल, तर आपले उत्पन्न टिकवण्यासाठी तो मागणी वाढवू शकतो. त्याही आधी, १९६१ मध्ये, मिल्टन रोमर यांनी इस्पितळांचा अभ्यास करून एक निरीक्षण नोंदवले होते, जे आज त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखले जाते: विम्याने खर्चाची सोय झालेली असेल, तर इस्पितळात खाट वाढवली की ती भरते. आजारी माणसे तेवढीच असतात, पण खाट रिकामी असली की ‘एक दिवस ऑब्झर्वेशनमध्ये ठेवू’ हे वाक्य सहज तोंडून निघते.

हे सगळे वाचताना कोणाचाही समज होईल की हा निव्वळ लोभाचा मामला आहे. माझाही पूर्वी तसाच समज होता. तो बदलला तो १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीमुळे. शाळेतल्या १००० मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले आढळले. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना ऑपरेशनचा सल्ला दिला. मग, ज्यांना काही झालेले नाही असे ठरले होते, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी त्यांतली ९९ निवडली. राहिलेली ११६ मुले तिसऱ्यांदा नव्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा आणखी ५१ जणांना टॉन्सिल काढण्यास सांगण्यात आले. हजारांतली फक्त ६५ मुले शेवटपर्यंत सुटली, आणि तिथे तपासायला नवे डॉक्टर उरले नाहीत म्हणून पाहणी थांबली. प्रत्येक फेरीत निम्म्याच्या जरा खाली मुलांना ‘गरज’ निघत होती. या डॉक्टरांना त्या मुलांकडून पैसे मिळणार नव्हते. समोर बसलेल्यांपैकी साधारण अर्ध्यांचे टॉन्सिल खराब असणारच, हा त्यांच्या शिक्षणाने आणि सवयीने मनात बसवलेला हिशेब होता.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे या विषयावरची चर्चा ‘डॉक्टर लुटतात’ आणि ‘डॉक्टर देव आहेत’ या दोन टोकांमध्येच अडकून पडते. प्रत्यक्षात सवय, भीती, शिक्षण, यंत्राचा हप्ता आणि पैसा ही सगळी एकाच दिशेने ओढत असतात, आणि त्यांतला कोणता धागा कोणत्या क्षणी ओढला गेला हे कदाचित त्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. ज्याने कर्ज काढून सोनोग्राफीचे यंत्र घेतले आहे, त्याला संशयास्पद पोटे जास्त दिसतात. त्यात तो खोटे बोलत असतो असे नाही. शंका आली की तपासून घ्यावे, असे त्याला मनापासून वाटत असते, आणि तपासण्याचे साधन शेजारच्याच खोलीत हप्त्यासकट उभे असते.

आता पुन्हा बीडकडे येते. एप्रिल २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली तरी इतकी तफावत एखाद्या आजाराच्या साथीने समजावून सांगता येत नाही. गर्भाशयाची साथ येत नसते.

परंतु इथे केवळ दवाखान्याकडे बोट दाखवून थांबले, तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहायचे, पहाटे तोडायला लागायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, आणि ट्रक रात्री आला तर रात्रीही भरायची. एक दिवस जरी काम चुकले तरी ‘खाडा’ पडतो, पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, संडास नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कापड वाळवायला आडोसा नाही. अशा परिस्थितीत अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग, कंबरदुखी हे सारे आलेच. त्यावर खरा उपाय म्हणजे स्वच्छ पाणी, संडास, विश्रांती आणि साध्या गोळ्यांचा पंधरा दिवसांचा कोर्स. पण पाळीच नको, खाडाच नको, असा एका झटक्यातला उपाय दवाखान्यात मिळू लागला, आणि त्याला कॅन्सरच्या भीतीची जोड मिळाली.

मावशीने मला पुढे जे सांगितले त्याने मी अधिकच अस्वस्थ झाले. तिचे ऑपरेशन झाल्यानंतर पाच-सहा वर्षांत तिच्या वस्तीवरच्या बायका स्वतःहून दवाखान्यात जाऊन ‘आमची पण काढा’ म्हणू लागल्या. जावेची काढली, नणंदेची काढली, मग आपलीही खराबच असेल. मुकादमही ‘एकदाचं करून घ्या, म्हणजे हंगामात कटकट नको’ म्हणून पैसे देऊ लागला. म्हणजे जी मागणी एका टेबलावर एका वाक्याने तयार झाली, ती दहा वर्षांत गावाची रीत झाली. आणि मग चौकशी करणाऱ्यांना डॉक्टर खरेच सांगू शकले की, ‘बायकाच मागतात हो, आम्ही काय करणार?’ वैद्यप्रेरित मागणीबद्दल वाचलेल्या निबंधांमध्ये हा टप्पा मला फारसा भेटला नाही. तिथे डॉक्टर आणि रुग्ण एका खोलीत बसलेले असतात. आपल्याकडे त्या खोलीच्या बाहेर अख्खे गाव बसलेले असते, आणि आत बोललेले वाक्य बाहेर येऊन वर्षानुवर्षे हिंडत राहते.

खर्चाचा हिशेब करताना लोक ऑपरेशनच्या बिलावर थांबतात. मावशीच्या बाबतीत तो सतरा हजारांवर थांबत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर तिशीतच रजोनिवृत्तीसारखी अवस्था येते, हाडे ठिसूळ होतात, घाम, चिडचिड, झोप उडणे सुरू होते. मावशी पन्नाशीच्या आत वाकली. तिची गुडघेदुखी, तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या, मोळी उचलता येईना म्हणून मोडलेला कोयता आणि त्यामुळे फिरलेली उचल, हे सगळे त्या ऑपरेशनचेच बिल आहे असे मी मानते. फक्त ते कोणत्याही काउंटरवर छापून मिळाले नाही.

शहरातले उदाहरण हवे असेल, तर सिझेरियनचे पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांमध्ये सिझेरियन झाल्याचे दिसले. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. जोखमीच्या बायका खासगीत जातात म्हणून असे होते, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पण तालुक्याच्या गावी केस अवघड झाली की ‘सिव्हिलला न्या’, ‘घाटीला न्या’, ‘ससूनला न्या’ असेच सांगितले जाते, हे आपल्याला चांगले माहीत आहे. अवघड केसेस सरकारीत आणि ऑपरेशने खासगीत, असे उलटे चित्र केवळ वैद्यकीय कारणांनी तयार होत नाही. नैसर्गिक बाळंतपणाला बारा-चौदा तास डॉक्टरांना अडकून पडावे लागते, त्याचे पैसे कमी मिळतात आणि काही बिघडले तर दोष डॉक्टरांवर येतो. सिझेरियन तासाभरात उरकते आणि त्याचे पॅकेज मोठे असते. मुहूर्त पाहून सिझेरियनची तारीख मागणारी कुटुंबेही आपल्याकडे आहेत, हे मी नाकारत नाही, कारण त्यांच्याही फायली माझ्याकडे येतात. तरीही कळा सुरू असलेल्या सुनेच्या सासूला बाहेर बोलावून ‘बाळाचे ठोके कमी होताहेत, सही करा’ असे म्हटल्यावर ती सही करणार नाही, असे घर मी पाहिलेले नाही.

सही करा या शब्दांत सगळे आले. ती मागणी कागदावर रुग्णाची होते.

किमती बांधून दिल्या की हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते, आणि काही अंशी त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या, किमतींवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. त्याआधी लेप असलेल्या स्टेंटसाठी रुग्णाला सरासरी सव्वा लाखाच्या आसपास मोजावे लागत होते. हा निर्णय चांगलाच होता आणि त्यामुळे अनेक घरे कर्जातून वाचली. मात्र किंमत उतरली म्हणून स्टेंट ‘कोणाला बसवायचा’ हा प्रश्न सुटत नाही. हृदयविकाराचा झटका आलेला असताना वेळेत बसवलेला स्टेंट जीव वाचवतो, याबद्दल मला यत्किंचितही शंका नाही, आणि अशा वेळी कोणीही दुसऱ्या मताची वाट पाहत बसू नये. परंतु ज्यांना चालताना छातीत भरून येते पण प्रकृती स्थिर आहे, अशा २,२८७ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत, योग्य औषधांच्या जोडीला स्टेंट बसवल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. ५,१७९ रुग्णांवरच्या ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, तेही साधारण त्याच दिशेचे होते. छातीतल्या दुखण्याला आराम पडतो, ही गोष्ट खरी. पण ‘आज नाही बसवला तर रात्र काढता येईल की नाही सांगता येत नाही’ असे स्थिर रुग्णाला सांगण्याला या अभ्यासांमधून आधार मिळत नाही. माझ्या फायलींमधल्या नातेवाइकांच्या निवेदनांत मात्र हे वाक्य जवळजवळ शब्दशः येत राहते.

किंमत कमी केली की संख्या वाढते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याने हृदयाच्या बायपासचे दर घटवल्यानंतर शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियांची संख्या वाढवून तोटा बराचसा भरून काढल्याचे विनी यिप यांनी १९९८ मध्ये दाखवले. म्हणून दरपत्रकावर लक्ष ठेवून आणि संख्येकडे डोळेझाक करून खर्च आटोक्यात येत नाही. आमच्या कार्यालयातही दर ठरवताना तासन्‌तास घासाघीस होते, परंतु एखाद्या दवाखान्यातून विशिष्ट ऑपरेशनचे दावे इतरांपेक्षा जास्त का येतात यावर बोलायला क्वचितच कोणाला वेळ असतो. आलेला दावा मंजूर होतो, वर्षाअखेर दाव्यांची एकूण रक्कम वाढते, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता वाढतो. ज्यांनी वर्षभर दवाखान्याची पायरीही चढली नाही, त्यांचाही. आणि ज्यांच्याकडे विमा नाही त्यांचे काय होते ते विचारायलाच नको. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक पदरचे पैसे घालून करतात.

यात ‘कट प्रॅक्टिस’ची भर पडते. डॉक्टराने रुग्ण पाठवायचा आणि तपासणी केंद्राने किंवा मोठ्या दवाखान्याने त्याचा वाटा डॉक्टरला पोचवायचा, हा व्यवहार ‘कट’ या दोन अक्षरी नावाने महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत त्याला स्पष्ट मनाई आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरचे संशोधन जगभर मानले जाते, त्यांनी एक रुग्ण एमआरआयसाठी पाठवला, तेव्हा तपासणी केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात न घालता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. हे वाचले तेव्हा मला जाणवले ते असे की, धनादेश आला होता, म्हणजे त्यात लपवण्यासारखे काही आहे असे पाठवणाऱ्यालाही वाटत नव्हते. २०१७ मध्ये राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. त्याचा कायदा काही झाला नाही. रुग्णाने तपासणीसाठी भरलेल्या पैशांतूनच तो कट जातो, त्यामुळे ही लाच डॉक्टर आणि केंद्र यांच्यातला खासगी व्यवहार मानता येत नाही. ती रुग्णाच्या खिशातून दिली जाते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

डॉक्टरांची बाजूही मी रोज ऐकते, कारण माझे बहुतेक वर्गमित्र दवाखाने चालवतात. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली, तेव्हापासून ‘तपासणी केली नाही’ हा आरोप नको म्हणून चार तपासण्या जास्त लिहिल्या जातात. रुग्ण दगावला तर काचा फुटतात. गोळ्या लिहून ‘काही नाही, बरे वाटेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा सलाईन लावणाऱ्याकडे गर्दी जास्त असते, आणि हे सलाईनचे वेड आपणच लावून घेतले आहे. खासगी महाविद्यालयात लाखो रुपये मोजून पदवी घेतलेल्या मुलाला ते पैसे कुठून तरी काढायचे असतात. यातले एकही कारण खोटे नाही. पण यातल्या प्रत्येक कारणाचे पैसे शेवटी मावशीसारख्या बाईने उचल काढून भरायचे, हे मला मान्य होत नाही.

काय केले की फरक पडतो, याचे एक उत्तर मला फार साधे वाटते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जॉन वेनबर्ग यांनी १९७३ साली दाखवले की, शेजारशेजारच्या भागांत टॉन्सिल काढण्याचे प्रमाण दर दहा हजारांमागे १३ पासून १५१ पर्यंत बदलत होते. मुले सारखी, हवा सारखी, डॉक्टर वेगळे. त्यांनी पुढे ही आकडेवारी त्या डॉक्टरांसमोरच ठेवली, त्यांनी आपापल्या सल्ल्यांचा फेरविचार केला आणि प्रमाण उतरले. आपल्याकडे बीडमध्येही २०१९ नंतर खासगी दवाखान्यांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम जिल्हा प्रशासनाने केला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. परवानगीचा कागद हा काही जादूचा कागद नाही, तोही विकत मिळू शकतो, हे मी जाणते. तरीही सल्ला देणारा आणि ऑपरेशनचे पैसे घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा राहिला, तर ते एक वाक्य बोलण्याआधी थांबावे लागते. प्रत्येक दवाखान्यात कोणत्या शस्त्रक्रिया किती झाल्या, किती वयाच्या रुग्णांवर झाल्या, याची आकडेवारी जिल्हावार जाहीर व्हावी, असे माझे ठाम मत आहे. २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृहांच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. दर लावता येतात तर संख्याही लावता येते.

मागच्या वर्षी मावशीच्या सुनेला, वय २८, अंगावरून जाण्याचा आणि ओटीपोटात दुखण्याचा त्रास सुरू झाला. तालुक्याच्या गावी तिला तेच वाक्य ऐकायला मिळाले, शब्दांत फारसा बदल नव्हता, आकडा मात्र पस्तीस हजारांचा झाला होता. मावशीने मला फोन केला. मी तिला म्हटले, “मावशी, चार प्रश्न विचार. नेमका आजार कोणता ते कागदावर लिहून द्या. गोळ्यांनी बरे होईल का? नाही केले तर किती दिवसांत काय होईल? आणि कॅन्सरची शंका असेल तर ती तपासणी आधी का नाही?” मावशी निरक्षर आहे. तिने हे चारही प्रश्न नातवाकडून वहीच्या पानावर लिहून घेतले आणि दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. तिथे तिला सांगण्यात आले की एवढी शंका असेल तर दुसरीकडे जा. ती सुनेला घेऊन बीडच्या सिव्हिलला गेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाल्याने केस पेपरलाही पैसे पडले नाहीत. रक्त कमी निघाले, जंतुसंसर्ग निघाला, गर्भाशयमुखाची तपासणी झाली आणि त्यात काही आढळले नाही. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने बोलावले. महिन्याने त्रास थांबला होता.

त्या दिवशी मावशीने आपला २००३ चा रिपोर्टही फडक्यात बांधून सोबत नेला होता. तिथल्या बाई डॉक्टरांना तो दाखवून विचारायचे, असे तिने घरून ठरवले होते. रांग मोठी होती, सुनेचा नंबर आला, तपासणी झाली, आणि बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आले की फडके सोडलेच नाही. मी फोनवर म्हटले, पुढच्या वेळी दाखव. ती म्हणाली, “आता दाखवून काय करू गं? तिची वाचली ना.” तो कागद पुन्हा लोखंडी पेटीत गेला आहे. नातवाने प्रश्न लिहिलेले वहीचे पान आता त्याच्याच घडीत ठेवलेले असते, आणि वस्तीवरच्या बायका ते मागून नेतात.